टाकीतला जोड

केबलचे कापलेले तुकडे आम्ही हॅम लोक, म्हणजे हौशी वायरलेसवाले, कधी फेकत नाही. कधीतरी लागतील म्हणून कोपऱ्यात टाकतो आणि मग त्याच कोपऱ्यात पाय अडकून पडतो. किश्श्यांचंही तसंच झालंय. मंडळात चौघंच: नांदेडचे गफूरभाई, लातूरचे देशमुख काका, शिरूर अनंतपाळला मास्तर असलेले माझे दाजी आणि उमरीला मी. रोज संध्याकाळी वायरलेसवर गप्पा मारून मारून एवढा ढीग झाला.

त्यातले बरेचसे त्या एका दुष्काळातले. लातूर जिल्हा नवानवा झालेला. ऑफिसांच्या पाट्या आल्या होत्या, पाणी आलं नव्हतं. शिरूरला प्यायला थेंब नाही, म्हणून ताई लेकीला घेऊन माझ्याकडं उमरीला राहायला आली होती. निघताना दाजी म्हणाले होते, "नव्या टाकीत पाणी पडलं की लगेच ये." रोज संध्याकाळी ताई माझ्या सेटपाशी बसायची, आणि तिचं तोंड बघून माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

*

केबलच्या टोकाला कनेक्टर लावायचा, तर त्याची बाहेरची फिरती रिंग आधी केबलवर सरकवून ठेवावी लागते. ती विसरून सोल्डर केलं की बसा बोंबलत, सगळं उपटून पुन्हा पहिल्यापासून.

देशमुख काका भर उन्हात टॉवरवर चढले. तासभर खपून टोक सोल्डर केलं, फुंकर मारली, खुश झाले. तेवढ्यात खालून काकूंनी हात वर केला. "आवं, हे ओट्यावर ऱ्हायलं हुतं. तुमचंच हाय का?"

हातात रिंग. तेव्हापासून आमच्यात कुणीही सोल्डरला बसला, की बाकीचे आधी विचारतात, "रिंग?" तो "घातली" म्हणेपर्यंत कुणी पुढं बोलत नाही.

*

अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते, नाहीतर आवाजात खरखर येते. काकांनी बादली उचलली, तशा काकू दारात आडव्या. "माणसांला न्हाई आन् खड्ड्याला पाणी?"

काकांनी तोडगा काढला. खड्ड्यावर फरशी टाकली आणि आंघोळ तिथंच सुरू केली. तीही आठवड्यातनं एकदा, सोमवारी.

मंगळवारी गफूरभाई हवेत, म्हणजे वायरलेसवर, आले. "काका, आज लई साफ आवाज आ रहा. नहाए क्या?"

*

नव्या जिल्ह्याच्या नव्या साहेबांना आमची वायरलेस बघायची होती. लातूरहून नांदेडला ट्रंक कॉल लावायचा तर दिवस जायचा, टँकरचे निरोप तरी जातील म्हणून. गफूरभाईंनी लातूरला जाऊन साहेबांच्या टेबलावर दोन कनेक्टर मांडले. एक महागाचा, रबरी वायसर असलेला, त्यात पाणी शिरत नाही. दुसरा साधा पीएल, स्वस्तातला, पाणी शिरलं की आवाज बंद.

"चांगला कोणता?" साहेबांनी विचारलं.

"पानी रहा तो ये महँगावाला, साहब. पानीच नै, तो पीएल बी लई हुआ."

साहेबांनी चहा सांगितला, बिनदुधाचा.

*

आता दाजींचं.

शाळेशेजारी नवी टाकी बांधली होती. पाइपलाइनवाले आज सोडतो, उद्या सोडतो म्हणत होते, आणि टाकी ठणठणीत कोरडी. दाजींनी तिच्यावरच अँटेनाचा बांबू ठोकला. केबल दोन तुकड्यांची. मधल्या जोडाला दोन साधे पीएल आणि वर नुसती चिकटपट्टी. बाहेर ठेवला, तर उन्हानं पट्टी वितळायची. सावलीत बांधला, तर वानरं ओढायची. शेवटी वैतागून दाजींनी उरलेली केबल झाकणातनं आत सोडली. जोड थेट टाकीच्या तळाशी.

हे हवेत कळलं आणि आम्ही तिघं तुटून पडलो. काका म्हणाले, "मास्तर, पाण्याच्या टाकीत जोड ठेवतंय का कुणी? शिकवता काय पोरांना?" मीही ओरडलो. ताई शेजारी बसून सगळं ऐकत होती.

दाजी शांतपणे म्हणाले, "पाणी येऊ तर दे. मग काढतो."

 पुढं महिनाभर दाजींचा आवाज चौघांत सगळ्यात स्वच्छ यायचा, आणि तो जितका स्वच्छ, तितकी ताई गप्प व्हायची. मला तर सेटवरचा तो सिग्नलचा काटा बघवत नव्हता.

मग एका संध्याकाळी दाजी हवेत आले. "जयभीम, उमरी. लेक जेवली का?" आवाज खणखणीत. शाळेतल्या पेपरांचं सांगत होते. बोलता बोलता माझ्या सेटचा काटा खाली यायला लागला. मी बटणं फिरवली, सेटवर थाप मारली.

"दाजी, आवाज जाऊन राहिला तुमचा. आणखी बसत चाललाय."

"आरं, इकडं पण मीटर..." पुढं नुसती खरखर.

"मास्तर, गेलात तुम्ही," लातूरहून काका ओरडत होते. "रिंग तरी घातली होती का?"

मी जाम वैतागलो. एवढं सांगूनही धड जोड करत नाही म्हणजे काय? पुन्हा हाक मारली, पुन्हा खरखर. काटा पार तळाला टेकला. ताईला म्हणायला वळलो, की आज काही बोलणं होत नाही, तर ती जागेवर नव्हती. दोरीवरचे लेकीचे कपडे काढून पिशवीत कोंबत होती.

"ताई, आता कुठं?"

"लातूरची पहिली गाडी कधी हाय रं?"