कडूबाईच्या गाडीला जागा

कडूबाई कासारणीला एका जागी निवांत बसणं ठाऊकच नाही. हात थांबला तर डोळे चालू, डोळे थांबले तर तोंड चालू, आणि तिन्ही थांबले तर समजावं, बाईला ताप चढलाय. बांगड्या निवडून झाल्या तरी पेटी पालथी करून पुन्हा निवडायला बसते. सव्वादोनच्या इकडं, अडीचच्या तिकडं. सेलूच्या आठवडी बाजारात लिंबाखाली तीस वर्षं तिचं दुकान. गिऱ्हाईक दहा पावलांवर असतं तेव्हाच ही हात बघून माप ठरवते. बाया मापाचं खोटं बोलतात. जाडजूड मनगटाची बाई हमखास म्हणणार, "मला सव्वादोनचीच येती बगा." त्यावर कडूबाईचं ठरलेलं उत्तर, "तोंड खोटं बोलतं बाई, हात न्हाई बोलत. आन इकडं."

आणि हीच कडूबाई तीस वर्षं सगळ्या बाजाराशी खोटं बोलत आली होती. तोंडानं नव्हे, पायानं.

वयाच्या तिसऱ्या वर्षी पोलिओच्या तापात तिचा डावा पाय गेला. म्हणजे पाय आहे जागेवर, पण मांडीपासून खाली वाळल्या पऱ्हाटीसारखा. भार टाकला की गुडघा दुमडतो. म्हणून पाऊल टाकताना डाव्या हातानं गुडघ्यावर दाब द्यायचा, तेव्हा कुठं पाय उभा राहतो. सासूनं, गीताबाईनं, तिचा पाय बघून नव्हे, बांगडी चढवायचा हात बघून सून केली होती. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात तिनंच सुनेला परसात उभी करून, लेकराला शिकवावं तसं, चालायला शिकवलं.

"निऱ्या मुठीत धर. मूठ गुडघ्यावर ठिव. लोकायला वाटलं पायजे, लुगडं भिजू न्हाई म्हनून धरलंय. अगं, आपन नवरीला चुडा भरायला जातो. लंगडी कासारीन उंबऱ्यावर आली तर एखादी म्हातारी तिथनंच वापस लावील. पाय झाक, धंदा टिकंल."

पाय झाकला. धंदा टिकला. "कासारणीला लुगड्याची लय जपणूक," असं लोक म्हणायचे आणि कडूबाई खूश व्हायची. पुढं वय झालं, पाय आणखी थकला, तेव्हा मुलानं, पप्पूनं, जुन्या स्कूटीला मागं दोन जादा चाकं लावून आणली. कुणी विचारलं तर कडूबाई सांगायची, "पेट्यायचं वजन कमी हाय का? दोन चाकं कशी पुरतील?" गाडी थेट लिंबाखाली जायची, ही सीटवरून उतरून दोन पावलांत पाटावर. दिवसभर उठायचं नाव नाही. कुणाला कळणार?

यंदा आखाडात पालिकेनं बाजाराच्या मैदानाला तारेचं कुंपण घातलं. फाटकावर लोखंडी आडवा दांडा, आणि दांड्यापाशी खुर्ची टाकून मुंजाजी नावाचा राखणदार.

"मावशी, गाडी भाईर."

"आरं मुंजाजी, पेट्या हायत."

"पेट्या तर सगळ्यायच्याच हायत. आत फकस्त अपंगाचा पास असलेली गाडी. ती नळापाशी पिवळी पट्टी दिसायलीय का? ती त्यायच्यासाठी राखीव हाय."

त्या पिवळ्या पट्टीवर एका नारळवाल्यानं पोती टाकून ठेवली होती.

"पन माझ्या गाडीला चार चाकं हायत की रे."

"चाकं कोन मोजायलंय? पास दाखवा, दांडा वर करतो."

मागं बसलेल्या सुनेनं, प्रियांकानं, तिच्या कमरेत बोट टोचलं. "आत्या, पायाचं सांगा ना."

"गप."

गाडी फर्लांगभर लांब, रस्त्याच्या कडेला लावावी लागली. पेट्या प्रियांकानं तीन फेऱ्यांत नेल्या. कडूबाई निऱ्या धरून निघाली, पण मैदानात चिखल, माणसांची रेटारेटी. लिंबापाशी पोचेपर्यंत पदर घामानं भिजला. संध्याकाळी गुडघा सुजून भोपळ्याएवढा. पुढच्या बाजारी पुन्हा तेच, आणि वर एक पेटी पडली. तिसऱ्या बाजाराला कडूबाईला खाटेवरून उठवेना.

बाजाराचा एक अलिखित कायदा आहे: तीन बाजार जागा रिकामी दिसली की चौथ्याला तिथं दुसऱ्याचं तरट पडतं. मग प्रियांकाच एक पेटी घेऊन लिंबाखाली बसू लागली. पोरगी शिकलेली, हुशार, पण तिला हात वाचता येत नव्हता. घरी कडूबाईची नुसती तगमग. खाटेवरून दार, दारातून खाट. नवरा परभणीला भांड्याच्या दुकानात नोकरीला, आठवड्यातून एकदा येणारा, तो म्हणाला, "बस की घरी आता. लय केलंस." त्या दिवशी ती त्याच्याशी धड बोलली नाही.

अखेर प्रियांकानंच मोबाईलवर अपंगाच्या कार्डाचा अर्ज भरला. चाळीस टक्क्यांच्या वर अपंगत्व लागलं तर कार्ड, आणि कार्ड असेल तर पालिकेचा पास. तपासणीची तारीख आली. दवाखाना परभणीला.

कडूबाईनं इरकल नेसली. डोक्याला तेल लावलं. दोन्ही हातांत डझन डझन नव्या बांगड्या भरल्या. प्रियांका बघतच राहिली.

"आत्या, आपन लग्नाला जायलोत का?"

"मोठ्या डॉक्टरीणबाईपुढं काय गबाळ्यावानी जायचं?"

तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई आणि लिहायला एक बाप्या. बाई म्हणाल्या, "चालून दाखवा." कडूबाई चालली. निऱ्या मुठीत, मूठ गुडघ्यावर, मान ताठ. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली आणि नवरीच्या दारातून निघावं तशी हसत वळून आली.

"त्रास काय होतो?"

"तसा काई न्हाई बाई. चाललंय देवाच्या कृपेनं. कवा कवा जरा मुंग्या येतेत."

"साडी वर करा, पाय बघू."

कडूबाईनं त्या लिहिणाऱ्या बाप्याकडं बघितलं. "घोट्याच्या वर न्हाई जमायचं." बाईंनी पडदा ओढते म्हटलं, तरी हिची मान नाहीच हलली. बाहेर रांग दारापर्यंत. बाईंनी दोनदा समजावलं, मग दिसलं तेवढं लिहिलं. तीस टक्के.

परतीच्या रेल्वेत प्रियांका खिडकीकडं तोंड करून बसली होती. मानवत रोड गेलं तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. "तिथं बी दुकानच मांडलंत, आत्या! तिथं कोन गिऱ्हाईक होतं?"

"जीभ आवर."

"मी आवरते. तुमी पाय लपवा."

पुढं दोन बाजार गेले. बाजाराहून सून आली की कडूबाई विचारायची, "कोन कोन आलं होतं?" आणि प्रियांका सांगायची, अमकी आली, 'मोठी कासारीन कुठाय' म्हणून विचारून तशीच गेली. एका बाजारी तर सून हिरमुसली होऊनच आली. छबूबाई आली होती म्हणे. छबूबाई म्हणजे जिनिंगवरच्या मुकादमाची बायको. कडूबाईनं आयुष्यात पहिला चुडा भरला तो हिच्याच लग्नात. आता तिच्या लेकीचं, ज्ञानेश्वरीचं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेलं.

"त्यायनी सव्वादोन सांगितलं, मी सव्वादोन चढवली," प्रियांका म्हणाली. "आंगठ्यापाशीच वाढवली. काच लागली, रगत आलं. लय बोलल्या मला."

बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, एवढं मात्र पोरगी शिकली होती. पण कडूबाई कडाडली. "छबूला सव्वादोन? आगं, आंधळी हायस का? ती सांगती अन् तू ऐकतीस? कासारनीनं हात बघायचा का तोंड?"

प्रियांकानं पेटी धाडकन खाली ठेवली. "मग त्या डॉक्टरीणबाईचं तरी काय चुकलं? तुमी सांगितलं, तिनं लिहिलं."

 कडूबाईनं पेटी ओढली आणि बांगड्या निवडायला घेतल्या. इकडच्या तिकडं, तिकडच्या इकडं. मग मान वर न करताच म्हणाली, "फिरून तपासायचा अर्ज असतो का गं?"

दुसऱ्या खेपेला खोली तीच, डॉक्टरीणबाई त्याच. "मागं तर चांगल्या चालला होतात," त्या म्हणाल्या.

"ते गिऱ्हाइकाला दाखवायचं चालनं होतं बाई. खरं दाखवाया आज आलेय. फकस्त त्या भाऊला तेवढं भाईर धाडा."

तो बाहेर गेला. कडूबाईनं निऱ्या उचलून कमरेला खोचल्या. गुडघ्याच्या वर, मांडी दिसेपर्यंत. नवऱ्याखेरीज कुणी न बघितलेली ती काडी उजेडात आली तशी प्रियांकानंच नजर खाली घातली. मग कडूबाईनं दोन्ही हात देवाला जोडतात तसे छातीशी धरले, की चुकूनही गुडघ्याकडं जाऊ नयेत, आणि निघाली. पहिलं पाऊल उजवं. दुसरं डावं, अंग एकीकडं कलंडलं, पण सावरलं. चौथ्या पावलाला गुडघा दुमडला. ती बाकावर आदळली आणि हातातल्या बांगड्यांचा खळकन आवाज झाला. खाली हिरवी काच.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "अहो, एवढं असून मागं का नाही सांगितलंत?"

कडूबाई काचा गोळा करत होती. "चार वाढवल्या," ती म्हणाली. मग बाईंच्या मनगटाकडं बघून, सवयीनं, "तुमचा हात बरूबर सव्वादोनचा हाय."

पंचावन्न टक्के.

कार्ड आलं, पालिकेचा पास आला. पासासोबत एक निळं चिकटपत्र होतं, त्यावर चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस. कडूबाईनं ते आधी मागच्या मडगार्डवर, पेट्यांच्या आड लावलं. प्रियांकानं ते नखानं सोडवलं आणि पुढं, हँडलच्या खाली, चांगलं ठळक चिकटवलं. कडूबाई तीनदा अंगणात जाऊन बघून आली. तिसऱ्यांदा पदरानं पुसून आली.

बाजाराच्या दिवशी मुंजाजीनं चिकटपत्र बघितलं, मग कडूबाईला बघितलं. "मावशी, तुमी? कवापासून?"

"तू जलमायच्या आधीपासून. दांडा वर कर."

दांडा वर झाला. नळापाशी पिवळ्या पट्टीवर नारळाची पोती तशीच. मुंजाजीच आवाज टाकत पुढं पळाला, "ओ नारळवाले! उचला ते! मालकीन आली पट्टीची!" आजूबाजूच्या बाया वळल्या. पट्टीपासून लिंब वीसेक पावलं. पेट्या प्रियांकाकडं होत्या. कडूबाईनं निऱ्या धरल्या, सोडल्या, पुन्हा धरल्या. शेवटी गुडघ्यावर सरळ पंजा ठेवला आणि ती वीस पावलं चालली. कोण बघतंय हे तिनं बघितलं नाही. पण पाठीला सगळं कळत होतं.

पाटावर बसून पाणी पितेय तोच छबूबाई आली. येताना गाडीपाशी थांबून त्या निळ्या माणसाकडं बघून आली होती, हे कडूबाईनं टिपलं.

"कडू, बरी हायस ना?" छबूबाई कडेला टेकली. पदराशी चाळा करत म्हणाली, "मी काय म्हनते, ज्ञानेश्वरीच्या चुड्याला सुनेला धाड. तुला खामखा तकलीफ कशाला."

लिंबाखाली एकाएकी उकडायला लागलं. सासूचं परसातलं बोलणं तीस वर्षांनी येऊन समोर बसलं होतं. हे मायेनं म्हणतेय, की अपशकुन नको म्हणून? कडूबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं. तोंडावरून काही कळेना. मग तिनं हाताकडं बघितलं. आंगठ्यापाशी काच लागल्याची खूण अजून होती.

"छबे, तुझा चुडा कुनी भरला?"

"तूच की."

"तवा बी पाय हाच होता. आता तूच सांग, वंगाळ झालं का काई तुझं? तीस वरसं नवरा हाय, घर हाय, मापात न बसनारा हात हाय."

शेजारच्या दोघी हसल्या. छबूबाई चपापली. "तसं न्हाई गं, मी तुझ्याच भल्याचं..."

"भल्याचं असंल तर आयक. मीच येनार. मांडवाच्या दारात माझ्या गाडीला जागा राखून ठिव. पाटीवर नाव लिही, चुना मार, काईबी कर. नवरदेवाची गाडी आली तर ती मागं लागंल."

"नवरदेवाची मागं?" छबूबाईला हसू आवरेना. हसतेय की कचरतेय, ते मात्र अजून नीट कळत नव्हतं. तिनं वळून एकदा गाडीकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं. ठिवते जागा. पन मला आधी डझनभर दे हिरव्या. सव्वादोनच्या."

कडूबाईनं तिचा हात ओढून मांडीवर घेतला, आंगठा दाबून आत वळवला, आणि अडीचची पेटी उघडली.