पहिला नंबर आलेली मोसंबी

फोटोस्पर्धेत सलग तिसऱ्यांदा माझा पहिला नंबर आला आणि माझं डोकंच फिरलं. सासूबाईंनी शोकेसमधल्या बाहुल्या सरकवून ढालीला जागा केली. शाळेतल्या शिक्षकांच्या ग्रुपवर दिवसभर अंगठे येत राहिले. पण माझे फोटो मलाच आवडत नव्हते. त्यांत काहीतरी निर्जीव होतं, आणि काय ते कळत नव्हतं. तेवढं एक कुणीतरी मला सांगायला हवं होतं.

या वेळचा फोटो जालन्याच्या फळबाजारातला. मोसंबीचा ढीग आणि त्यामागे माल निवडत बसलेली बाई. बक्षीस देताना प्रमुख पाहुणे माइकवर म्हणाले, "काय सुंदर संत्री!" जालन्यात उभं राहून मोसंबीला संत्री म्हणणारा माणूस माझ्या हातात ढाल देत होता आणि लोक टाळ्या पिटत होते. कार्यक्रम संपल्यावर मी आयोजकांना गाठलं. माझ्या फोटोत कमी काय आहे, एवढंच विचारलं.

"नंबर आला ना मॅडम? मंग कायला डोक्याला ताप करून घेता?"

परीक्षक होते वर्तमानपत्रातून निवृत्त झालेले एक छायाचित्रकार. रविवारी मी फोटो घेऊन सरळ त्यांच्या घरी गेले. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"पाहुण्याची काय चूक? रंग चढवून चढवून मोसंबीची संत्री तर तुम्हीच केली. अन् रस्त्याच्या पल्याडून झूम करून काढला."

"कशावरून?"

"त्या बाईला तुम्ही दिसल्याच न्हाई. नुस्ती आणून ठेवल्यासारखी दिसून राह्यली ती."

लागलं मला. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. "मग पहिला नंबर कशाला दिलात?"

"बाकीचे याच्याहून खराब होते," असं म्हणून ते चहा ओतायला लागले.

म्हणजे तीन ढालींचा अर्थ एवढाच! पुढच्या सुट्टीला मी बाजारात थेट त्या ढिगापाशीच जाऊन बसले. बाईनं आधी विचारलं, "कितीक किलो?" फोटो काढायचाय म्हटल्यावर पदर सावरून ती ताठ झाली. मग बोलत बसलो. बऱ्याच वेळानं ती हसली तेव्हा मी फोटो काढला आणि मोठ्या आशेनं परीक्षकांकडे नेला.

"आता बाई दिसली," ते म्हणाले. "मोसंबी कुठं गेली?"

असा संताप आला! या माणसाला कधी काही पसंत पडणार आहे की नाही? घरी नवरा नव्या स्पर्धेची जाहिरात घेऊन मागे लागला होता. त्याला म्हटलं, तूच पाठव काय पाठवायचं ते. कॅमेरा उचलला आणि चरफडत पुन्हा बाजार गाठला.

बाईनं मला लांबूनच ओळखलं. बाजूला सरकून तिनं आपल्या पोत्यावर जागा केली.

"या मॅडम," ती म्हणाली. "आज तरी जमंल का तुमचा फोटू?"