अंबाजीचा ठिपका

अंबाजीला मोटारसायकल चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण तो स्वतःहून सांगायचा नाही. न्हावा शेव्याला त्याने उभा जन्म कंटेनरचा ट्रेलर चालवला, पण दोन चाकांवर बसला की त्याला वाटतं, बाकीची गाडी आपण कुठेतरी विसरून आलो. म्हणून मुरुडच्या बाजाराला जाताना स्कूटी त्याची बायको सोनाबाई चालवते आणि अंबाजी मांडीवर पिशव्या घेऊन मागे बसतो. गप्प मात्र बसत नाही. "वाळू आली, जरा उभी राहून चालव," असं तो तिला सांगतो. वाळू म्हणजे कुणाच्या तरी बांधकामाची, रस्त्याच्या कडेला टाकलेली. स्कूटीवर उभं कसं राहायचं, हे सोनाबाईने एकदा भर बाजारात त्याला उतरवून विचारलं होतं.

वाळूत गाडी उभं राहून चालवायची, हे ज्ञान त्याला फोनवरून झालं. दर जानेवारीत अरबस्तानच्या वाळवंटात मोटारसायकलींची एक लांबच लांब शर्यत होते. सकाळी निघायचं, दिवसभर वाळू तुडवायची, संध्याकाळी तंबूत पोचायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं दोन आठवडे. शर्यतीचं नाव अंबाजी दर वेळी वेगळं घेतो, तेव्हा मी ते लिहायच्या भानगडीत पडत नाही. नोकरी संपल्यावर कुणी भजनाला लागतो, कुणी सुनेच्या मागे लागतो. अंबाजी शर्यतीच्या मागे लागला.

आमच्या मधल्या वाडीत नेटवर्क मिळतं ते एकाच जागी, देवळामागच्या कट्ट्यावर. तिथे अंबाजी फोन घेऊन बसे. फोनवर वाळवंटाचा नकाशा आणि त्यावर प्रत्येक गडी म्हणजे एक ठिपका. पहिल्या नंबरचे ठिपके असे पळत, की आमच्याकडे नकाशा उमटेपर्यंत ते त्याच्या बाहेर गेलेले असत. दिसायचा तो एकच, सर्वांत मागचा. तो बिचारा आमच्या नेटवर्कच्याच चालीने चालायचा. अंबाजी त्याचा भक्त झाला तो असा. पुढे लोकांना तो सांगू लागला, की हरणाऱ्याच्या पाठीशी कुणीतरी हवं. ऐकायला बरं वाटतं, पण खरं कारण नेटवर्क.

या ठिपक्याचं नाव दुआर्ते. वय पन्नाशीचं, गाव पोर्तुगालमधलं, धंदा बेकरीचा. सोबत मेकॅनिक नाही, दिवसभर गाडी हाणायची आणि तंबूत पोचल्यावर स्वतःच पाना घेऊन ती खोलायची. पोर्तुगाल ऐकलं आणि अंबाजीला नातं सापडलं.

"कोर्लईचा किल्ला कुणी बांधला? यांनीच," तो कट्ट्यावर म्हणाला. "पाव कुणी आणला? यांनीच. आणि ह्यो तर पाववाला. आपलाच माणूस हाय."

"मग किल्ला सोडून गेले कशाला?" सत्यवतीने विचारलं. सत्यवती म्हणजे आमच्या गावकीचा अध्यक्ष कोंडाजी, त्याची बायको. कट्ट्याच्या बाजूच्या नळावर ती पाणी भरते. हंडा भरला तरी ती तिथून हलत नाही.

"कामाला गेलेत. येतील," अंबाजी म्हणाला.

परवाच्या जानेवारीत शर्यतीच्या पहिल्याच आठवड्यात ठिपका दुपारभर एका जागी थांबला. अंबाजीला जेवण जाईना. संध्याकाळी जरासा हलला, पण अंबाजीचा जीव काही भांड्यात पडेना. दुसऱ्या दिवशी तो नारळ आणि कोंबडा घेऊन शिवेवरच्या राखणदाराकडे निघाला. राखणदार म्हणजे आमच्या हद्दीवरचा दगडाचा देव. गावाची, गुरांची आणि माणसांची राखण तो करतो आणि वर्षातून एकदा गाव त्याला कोंबडा देतं. पूजा रतन गुरवाकडे.

रतनने कोंबडा हातात घेऊन तोलला आणि परत दिला. "न्हाय चालायचं. ह्याचा अंमल शिवेपर्यंत. पलीकडे तो बघत न्हाय."

"मग पोरं दुबईला जातात, त्यांच्या नावानं तू घेतोस ते?"

"ती गावकीतली हायत. घर गावात, माणूस कुठंही असू दे. तुझा पाववाला गावकीत हाय का?"

दुसऱ्या कुणी कोंबडा घरी नेऊन रस्सा केला असता. अंबाजीने तो काखेत तसाच धरला, तडक कोंडाजीच्या ओटीवर गेला आणि म्हणाला, "दादा, गावकी बोलव. एक घर वाढवायचंय."

आता इथे कोंडाजीच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. कोंडाजी ऐकेल तर माझ्याशी बोलणं टाकेल, पण तो वाचत नाही. आमच्याकडे शिमग्याची पालखी घरोघर फिरते ती घरं गावकीत आली त्या क्रमाने. जुनं घर आधी, नवं मागून. कोंडाजीचा पणजा खाडीपलीकडून आलेला, त्यामुळे अध्यक्ष झाला तरी त्याचं घर शेवटचं. पालखी त्याच्या दारात येईपर्यंत ढोलवाल्यांचे हात गळालेले असतात आणि नाचवणारे निम्मे घरी जाऊन झोपलेले. मुहूर्त तर केव्हाच टळलेला असतो. सत्यवती आरतीचं ताट घेऊन बसल्या बसल्या पेंगते. याचं दुःख त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. अंबाजीचं उलट. त्याचं घर पहिलं आणि पालखीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर, हा त्याच्या घराण्याचा मान. तो मान आपला पोरगा कुलदीप याला मिळावा, म्हणून कोंडाजी कधीचा टपलेला. कुलदीप नागावला पर्यटकांना केळ्याच्या आकाराच्या बोटीवरून समुद्रात पाडतो. खांदे बाकी दणकट आहेत.

तर गावकी बसली. परदेशी माणसाला गावकीत घ्यायचं, यावर गदारोळ होईल असं मला वाटलं होतं. पण कोंडाजी आधी हसला, मग बोटांवर घरं मोजू लागला. नवं घर आलं म्हणजे आपलं घर शेवटचं राहत नाही, हे त्याच्या डोक्यात त्या क्षणी शिरलं, असं सत्यवतीने नळावर सगळ्यांना सांगितलंय.

"घ्यायला हरकत न्हाय," कोंडाजी म्हणाला. "पण त्याला घर पायजे."

"माझा वरचा गोठा देतो. गुरं न्हायतच त्यात."

"आणि जामीन पायजे. उद्या हा पळपुटा निघाला तर गावाची शोभा. अर्ध्यात शर्यत सोडली, शेवटपर्यंत पोचला न्हाय, तर त्याचं घर रद्द आणि तुझा पुढचा दांडा कुलदीपकडं."

सगळे अंबाजीकडे बघू लागले. तो पटकन हो म्हणाला. मग त्याने बायकांच्या बाजूला मान वळवली आणि पटकन परत फिरवली, कारण तिथे सोनाबाई बसलेली होती.

घरी काय झालं ते भिंतीपलीकडे ऐकू आलं. आमच्या भिंती फार जाड नाहीत.

"त्या दांड्याखाली नाचताना बघून मी तुम्हाला हो म्हणलं," सोनाबाई म्हणत होती. "तुमच्यात दुसरं बघण्यासारखं काय हुतं? आणि तो तुम्ही पाववाल्यावर लावलात."

"पोचंल गं तो."

"न्हाय पोचला तर तुम्हीपण त्या गोठ्यात जावा. शेजार हुईल त्याला."

रतनने कोंबडा घेतला. दुआर्ते आमच्या गावचा झाला. त्याला कुणी कळवलं नाही, पण त्याने काही बिघडलं नाही. दुबईतल्या पोरांनाही आम्ही सगळं कुठे कळवतो.

गावचा झाला म्हटल्यावर गाव त्याच्याविषयी बोलू लागलं. आधी कट्ट्यावर एकटा अंबाजी बसे, आता बसायला जागा मिळेना. एवढ्या वाळूत बायकोला सोडून का हिंडतो, यावर नळावर दोन तट पडले. एक तट म्हणे बायको कजाग असणार. दुसरा तट म्हणे ती शहाणी असणार, म्हणून सोबत गेली नाही. त्यात पाणंद साफ करायचा दिवस आला. त्या दिवशी घरटी एक माणूस लागतो. कोंडाजीने हाका मारल्या, दुआर्तेच्या नावाला ओ आली नाही.

"गैरहजर," कोंडाजी म्हणाला.

"तो वाळवंटात हाय, दादा."

"गण्याचा पोरगा पण मस्कतला हाय. त्याचा बाप आलाय कोयता घेऊन."

मग अंबाजीने पाणंदीतली झुडपं आधी आपल्या वाट्याची तोडली, मग दुआर्तेच्या वाट्याची. दमून तो कट्ट्यावर आला तेव्हा ठिपका एका टेकडीच्या पायथ्याशी होता. "दोघंबी दमलो," अंबाजी म्हणाला. तो हे खरोखरच म्हणाला.

पण दुआर्ते चालत राहिला. रोज सगळ्यात मागून, रोज सगळे जेवायला बसल्यावर, पण तंबूत पोचायचा. पोचला की आमच्या देवळात घंटा वाजे. कोंडाजीची पंचाईत बघण्यासारखी होती. ठिपका थांबला की त्याला कुलदीपच्या खांद्यावर दांडा दिसे आणि तो खूश होई. लगेच आठवे, की पाववाला बुडाला तर आपलं घर पुन्हा शेवटचं. मग तो म्हणे, "हल रे मर्दा." हलला की दांडा गेला म्हणून पुन्हा तोंड पाडून बसे. एका माणसाला एका ठिपक्याने एवढा छळलेला मी दुसरा पाहिला नाही.

शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवसाचं अंतर तसं थोडकं. ठरलेल्या वेळेच्या आत समुद्रकाठच्या कमानीखालून जायचं, की शर्यत पुरी. अख्खी वाडी कट्ट्यापाशी जमलेली. पुढचे ठिपके केव्हाच कमानीत जाऊन बसले. कमान जवळ आली आणि आमचा ठिपका थांबला.

"पोट बिघडलं असंल," सत्यवती म्हणाली.

"साखळी तुटली," अंबाजी म्हणाला.

बराच वेळ गेला. मग शर्यतवाल्यांनी एक व्हिडिओ टाकला. तो आमच्याकडे तुकड्यातुकड्याने उमटला. आधी आभाळ दिसलं, मग पाच-सहा उंटांची डोकी, आणि शेवटी त्यांच्या मधोमध दुआर्ते. बेकरीवाला माणूस, पाठपिशवीत स्वतः भाजलेला पाव घेऊन हिंडणार. त्याने एका उंटाला तुकडा दिला असावा. आता सगळा कळप त्याला वेढून उभा होता आणि एक उंट गाडीच्या सीटवर मान टाकून निवांत चघळत होता. दुआर्ते हात जोडत होता. आमच्यातल्या बायकांनी त्यात संस्कार पाहिले.

"सगळा पाव टाक त्यांच्याम्होरं आणि पळ," सोनाबाई फोनला म्हणाली. तिचं ऐकल्यासारखं त्याने पिशवी उपडी केली. कळप बाजूला झाला आणि ठिपका हलला.

तो कमानीत शिरला तेव्हा वेळ टळून गेलेली होती. शर्यतवाल्यांनी त्याच्या नावापुढे आडवी रेघ मारली. म्हणजे शर्यत पुरी नाही.

अंबाजी कट्ट्यावर बसून राहिला. त्याने उजवा खांदा डाव्या हाताने धरलेला होता, जणू तो आत्ताच कुणी काढून नेणार होतं. कुलदीपने शर्टाची बाही वर सारली. ते पाहून सोनाबाई पदर खोचून पुढे आली.

"भावजी, मला एक सांगा," ती कोंडाजीला म्हणाली. "बोली काय हुती? शेवटपर्यंत पोचायचं. पोचला का न्हाय?"

"पोचला. पण येळ टळल्यावर. तिथले लोक म्हणतात, तो पोचलाच न्हाय."

"तिथल्यांचं तिथं. गावकीचं काय म्हणणं? येळ टळल्यावर आलेलं आलं धरायचं, का न्हाय?"

"न्हाय धरायचं," कोंडाजी ठसक्यात म्हणाला.

"मग तुमच्या दारात पालखी आजवर कधी आलीच न्हाय," सोनाबाई म्हणाली. "एकदा तरी मुहूर्तात आलीय का? तुमच्या आज्यापासून न्हाय. मग जाऊबाई ओवाळतात कुणाला?"

कोंडाजीने तोंड उघडलं. उशिरा आलेली पालखी आली धरावी तर दांडा जातो. न धरावी तर आजा, पणजा आणि स्वतः, सगळ्यांनी जन्मभर रिकाम्या हवेला ओवाळलं असं होतं. तेवढ्यात मागून सत्यवती बोलली. ती नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक मारत नाही. त्या दिवशी मारली.

"कोंडाजी, त्या माणसाला पोचला म्हणा. शेवटचं घर मला आता सोसवत न्हाय."

"पोचला," कोंडाजी म्हणाला.

घंटा वाजली. अंबाजीने खांदा सोडला आणि डोळे पुसले. धूळ गेली म्हणाला.

शिमग्याला अंबाजी पुढच्या दांड्याखाली होता, नवी टोपी घालून. पालखी कोंडाजीच्या दारात आली. सत्यवती टक्क जागी होती. कोंडाजीने पालखीपुढे असा नाच केला, की त्याचं धोतर सावरायला कुलदीप धावला. नंतर तो घाम पुसत अंबाजीपाशी आला आणि फार मायेने म्हणाला, "चला आता, दुआर्तेकडं."

वरचा गोठा पार टेकाडावर. चढ असा, की गुरंसुद्धा कंटाळून खाली राहायला आली. या चढाचा विचार अंबाजीने जामीन राहताना केलेला नव्हता. मागच्या दांड्याला पोरं बदलत होती, पुढचा मान मात्र एकट्याचा. तो कुणाला देता येत नाही. अर्ध्या चढावर अंबाजी थांबला.

"दादा, जरा कुलदीपला द्यायचा का?" त्याने विचारलं.

"छे रे," कोंडाजी म्हणाला. आता त्याला घाई नव्हती, त्याच्या घरचं उरकलं होतं. "घराण्याचा मान हाय तुझा. न्हेशील तू, सावकाश. गावकीत येळंचं बंधन न्हाय."

गोठ्याच्या दारात सोनाबाई दुआर्तेच्या वतीने ताट घेऊन उभी होती. दांडा अंबाजीच्या खांद्यावर असताना तिने ओवाळायला मुद्दाम वेळ लावला, असं सत्यवती सांगते. मी समोर होतो. खरं आहे.