माहेर विचारणाऱ्या वाघमारे मॅडम

वाघमारे मॅडम बाईपेशंटला नावाआधी माहेर विचारायच्या. लातूरच्या आमच्या दवाखान्यात मी सर्जन, त्या पॅथॉलॉजिस्ट. गाठीतल्या पेशी काचपट्टीवर पाहून रिपोर्ट द्यायचा, एवढंच त्यांचं काम. पण मूळच्या लोहा गावच्या या बाई थेट वॉर्डात जाऊन खाटेवर बसायच्या आणि बहिणी कुठं दिल्या, मावशी कशानं गेली, हे विचारायच्या. मी त्यांना सोयरिकी जुळवणाऱ्या म्हणायचो.

"सर, लग्नात आडनाव बदलतंय. रगत न्हाई बदलत," त्या म्हणायच्या.

मी त्यांच्यावर जळायचो. पेशंट माझ्यासमोर घाबरून गप्प बसत आणि त्यांच्यापाशी सात पिढ्यांचं सांगत.

रेणापूरच्या एका बाईंची थायरॉइडची गाठ मी दुसऱ्या दिवशी काढणार होतो. मॅडमच्या रिपोर्टप्रमाणे तो कॅन्सरचा विरळा प्रकार होता. दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. म्हणाल्या, या बाईंच्या अंगात येतं. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड. घरचे देवी समजून हळदकुंकू लावतात. चाकूरला दिलेल्या बहिणीच्याही अंगात यायचं. ती सिझेरियनच्या टेबलावरच गेली. मॅडमचा संशय असा, की या घराण्यातच एक जनुक बिघडलेलं आहे. त्यानं गळ्यात गाठ होते, तशी मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतही. ती पोटातली गाठ न ओळखता भूल दिली, तर रक्तदाब भडकून ही बाईसुद्धा जाईल.

"आधी पोट बघा, सर. गळा कुठं पळून न्हाई जात."

माझा तिळपापड झाला. जे मला सुचायला हवं होतं, ते यांना सुचलं होतं. ऑपरेशन उद्याच होईल, असं मी ठणकावलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी त्यांना घालवायला म्हणून मी तपासण्या लिहून दिल्या.

पोटात गाठ निघाली. औषधांनी रक्तदाब आवरून आधी ती काढली, काही आठवड्यांनी गळ्यातली. जनुकाचा रिपोर्टही मॅडम म्हणाल्या तसाच आला.

घरी जाताना बाईंचा नवरा माझ्या पाया पडला. "डाक्टरसायब, तुमीच वळखलं म्हणून वाचली." मॅडम शेजारीच उभ्या होत्या. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प राहिलो.

पुढं मॅडमची नांदेडला बदली झाली. निरोपाच्या भाषणात मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं, एवढी एक हकिकत सोडून. निघताना त्यांनी माझ्या हातात कागद ठेवला. त्यावर त्या दोघी बहिणींच्या पाच लेकरांची नावं होती.

"यांची तपासणी राहिली हाय. तुमीच बोलवा, सर. तुमी वळखलं म्हणतेत ते लोक. तुमच्या शब्दाला येतील."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधत राहिलो. तो नव्हताच.