चारशे वर्षं रुसलेली बाई

माझा मामा थापाड्या आहे. हे मी त्याच्या पाठीमागे म्हणत नाही, रोज तोंडावर सांगते, स्टिअरिंगवर बसून. बस मी चालवते आणि माझ्या शेजारी उभा राहून मामा माइकवर बोलतो. आमच्या शहराला तीन बाजूंनी जंगलाचे डोंगर आणि चौथ्या बाजूला समुद्र, त्यामुळे बघायला येणाऱ्यांना तोटा नाही. आधी दीपगृह, मग धबधबा, मग पक्ष्यांची खाडी आणि शेवटी समुद्रातला खडक. या सात तासांत मामा श्वास कधी घेतो, हे मला अजून कळलेलं नाही. बसस्टँडवर सगळे त्याला रेडिओ म्हणतात.

दीपगृहाच्या पायऱ्या एकशे बारा. बसमध्ये म्हातारी माणसं जास्त असली की मामा ऐंशी सांगतो, म्हणजे कोणी आधीच कच खात नाही. धबधब्याला पाणी नसलं तर म्हणतो, "आज त्याची साप्ताहिक सुट्टी." एकदा एका गृहस्थांनी पक्ष्याचं नाव विचारलं, तर याने आमच्या दातांच्या डॉक्टरांचं आडनाव ठोकून दिलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, स्पेलिंगसकट. मी मुकाट्याने गिअर बदलला.

पण सगळ्यात मोठी थाप म्हणजे तो खडक. बावीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी बस तिथे बंद पडली. तेव्हा बस माझे बाबा चालवायचे. गाडीखाली बाबा आणि गाडीबाहेर उन्हात तापलेली चाळीस माणसं. समोर पाण्यात एक काळा दगड, त्यात बघण्यासारखं काडीचं काही नाही. मामाने घसा खाकरला आणि सुरू केलं. फार फार वर्षांपूर्वी एक बाई नवऱ्यावर रुसून त्या खडकावर जाऊन बसली. म्हणाली, "चुकलो म्हणा, तरच येते." नवरा हट्टी. भरती चढली तेव्हा कुठे तो काठावरून ओरडला, "चुकलो!" पण लाटांच्या आवाजात तिला ते ऐकूच गेलं नाही. म्हणून इथे आलेल्या प्रत्येक नवऱ्याने जोरात चुकलो म्हणायचं, न जाणो, एखाद्याचं तरी तिच्यापर्यंत पोचेल.

नवरे ओरडले. बायका पोट धरून हसल्या. बस दुरुस्त झाली तरी कोणी चढायला तयार नव्हतं. पुढे बाकीच्या गाइडांनी ती गोष्ट उचलली, तिथे कठडा झाला, नकाशात "रुसलेल्या बाईचा खडक" असं छापून आलं. आता रोज दुपारी तिथे दोनशे पुरुष घसा फोडून चुकलो म्हणतात. त्यातल्या निम्म्यांना आपण काय चुकलो हे माहीत नसतं.

या वर्षी पर्यटन कार्यालयाने फर्मान काढलं: सगळ्या गाइडांनी तोंडी परीक्षा द्यायची. पास झाला तर बिल्ला, नाही तर घरी बसायचं. मामाला घरी बसवायचं म्हणजे मामीला शिक्षा. शिवाय हे काम गेलं तर हा माणूस महिन्याभरात वाळून जाईल, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

परीक्षेला मी बाहेर बाकावर बसले. दार उघडंच होतं. आत टेबलामागे एक साहेब आणि दोन मॅडम. दीपगृहाच्या पायऱ्या किती? "एकशे बारा." मी चाटच पडले. पक्ष्यांची नावं विचारली, ती धडाधड आणि खरी. मग साहेबांनी पुस्तिका उघडून विचारलं, "रुसलेल्या बाईची कथा किती जुनी?"

रेडिओ बंद. अरे, बोल की बाबा काहीतरी!

"बावीस वर्षं," मामा म्हणाला. "मंगळवार होता. मीच रचली."

साहेब हसले. "अहो, पुस्तिकेत चारशे वर्षं आहे. जुन्याजाणत्या गाइडांना विचारून लिहिलंय."

"मग मलाच विचारलं असेल."

मामा नापास झाला. जन्मभर थापा मारून पोट भरणारा माणूस जन्मात एकदा खरं बोलला आणि नेमका तेव्हाच आपटला. सोमवारी परत परीक्षेला बोलावलं होतं, तोवर बसवर जायची मुभा होती. परतताना मी गाडीत तोंड सोडलं, "चारशे म्हणायला तुझी जीभ झिजणार होती का?"

"बाकी काहीही खोटं सांगेन," तो म्हणाला, "त्या दिवसाचं नाही सांगणार."

घरी मी मामीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मामी एका छोट्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्या हातचं इंजेक्शन टोचलेलं कळत नाही, बोलणं टोचलेलं कळतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कुठला मंगळवार?" तिने विचारलं.

मामा मोजे काढायला लागला. मोजे दोनच असतात, पण त्याला बराच वेळ लागला.

तो मंगळवार मलाही माहीत होता. मामीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून नोकरीचं पत्र आलं होतं. ते मामाच्या हाती पडलं आणि मामा खिशात ठेवून द्यायला विसरला, असं घरात सगळे म्हणत. आठ दिवसांनी पत्र मिळालं तेव्हा तारीख उलटून गेली होती. मामी बॅग भरून माहेरी गेली, ती नेमकी मंगळवारी सकाळी. तीन दिवसांनी परत आली. विषय संपला, असं आम्हाला वाटलं होतं.

"उद्या मी बसमधून येणार," मामी म्हणाली. बावीस वर्षांत ती एकदाही आली नव्हती. वळणांवर तिला उलट्या होतात, आणि मामाचं बोलणं काय, घरबसल्या ऐकायला मिळतं.

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसली. पिशवी दोनदा कामी आली. दीपगृहापाशी मामा म्हणाला, "ऐंशी पायऱ्या." मामी मोठ्याने मोजत चढली. ऐंशीच्या पुढे तिचा आवाज आणखी चढला. खाली येऊन म्हणाली, "एकशे बारा. लबाड."

खडकापाशी मामाने गोष्ट कशीबशी रेटली. नवरे ओरडले, फोटो झाले. मग तो मामीजवळ गेला आणि हळू बोलायला लागला. पण कॉलरला लावलेला माइक बंद करायचा राहिला होता, सवयच नाही ना. बसच्या टपावरचा भोंगा त्याचा शब्दन् शब्द ओरडून सांगत होता.

"पत्र मी विसरलो नव्हतो. लपवलं होतं. तू गेलीस तर परत येणार नाहीस, असं वाटलं. भ्यालो मी. चुकलो."

चाळीस माणसांनी एकदम माना वळवल्या.

"माहीत होतं," मामी म्हणाली. "आठ दिवस खिशात राहिलेला कागद इस्त्री केल्यासारखा नसतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते." तिने ओठ पुसले. "आणि लाटांमुळे नीट ऐकू नाही आलं. परत म्हणा."

तो परत म्हणाला. या वेळी ओरडून, रडत रडत. लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या पिटल्या. मीही रडले, लाज कसली? पण राग आला तो आलाच. मला विचाराल तर या माणसाला भरतीच्या वेळी त्या खडकावर नेऊन बसवायला हवं होतं. केवढी नोकरी होती ती! आणि हा बावीस वर्षं दुसऱ्यांच्या नवऱ्यांना ओरडायला लावत होता.

परत येताना मामी म्हणाली, "सोमवारी चारशे सांगा. खरं जिला सांगायचं होतं तिला सांगून झालं."

सोमवारी मामा बिल्ला लावून बाहेर आला. "खोटं बोललो," म्हणाला.

"जमतं तुम्हाला," मामी म्हणाली.

आता रोज खडकापाशी नवरे चुकलो ओरडले की बायका ओरडतात, "ऐकू नाही आलं!" त्या चाळीस लोकांनी कुठे कुठे सांगितलं देव जाणे. पुढच्या पुस्तिकेत तेही चारशे वर्षांचं होणार.

परवा मी मामीला सरळच विचारलं, "मामी, केलंस का गं त्याला माफ?"

ती इंजेक्शनचा ट्रे पुसत होती. "ऐंशी पायऱ्या चढलेय," म्हणाली. "वरच्या बत्तीस बघू."