पायी जाणाऱ्यांना रकाना नाही

शेवटचं मी आणि माझ्या बायकोने मिळून काय केलं, तर एक बैलगाडी मोजली.

ती म्हणाली, "बैलगाडी. पेंढ्याची. खाडीकडनं." मी कागदावर उभी रेघ मारली. मग ती म्हणाली, "जरा टेकते. छातीत जळजळतंय," आणि रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्याला पाठ लावून बसली. मी म्हटलं, "सकाळी चहा किती ढोसलास?" यावर तिचं काहीतरी उत्तर यायला पाहिजे होतं. ते आलं नाही.

मी मैलकुली होतो. हा शब्द आता कुणाला कळत नाही. रस्त्याचा एक तुकडा एका माणसाच्या ताब्यात असायचा. त्याने खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं, मोरीत अडकलेला पाला काढायचा, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. माझ्या ताब्यात गडब गावाच्या पुढे हमरस्त्यावरून फुटून खाडीकडे उतरणारा रस्ता होता. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, पुढे मिठागरं आणि टोकाला आमचं गाव. नव्वदच्या पुढची ती वर्षं. हमरस्ता काळा कुळकुळीत, माझा रस्ता खडी-मातीचा. मी भरलेली खडी पाऊस उचलून खाचरात नेऊन टाकायचा, मी ती परत आणून रस्त्यात टाकायचो. नोकरीभर आमचं दोघांचं हेच चाललं, माझं आणि पावसाचं.

आधी पेणहून दिवसात दोनदा गाडी यायची. खड्ड्यांनी तिचे पाटे तुटायला लागले आणि गाडी बंद झाली. डेपोतला माणूस म्हणायचा, रस्ता करा, उद्या गाडी सोडतो. रस्त्याच्या ऑफिसातले म्हणायचे, वर्दळ दाखवा, डांबर टाकतो. वर्दळ दाखवायची ती मोजणीच्या कागदावर. वर्षातनं दोनदा, आठवडाभर, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा रस्त्याकडेला बसायचं आणि काय काय गेलं त्याच्या रेघा मारायच्या. कागदावर कडेला तासातासाच्या ओळी आणि वर रकाने छापलेले: मोटार, ट्रक, टेंपो, बस, दुचाकी, सायकल, हातगाडी, बैलगाडी. आता गाडीच बंद, म्हणून सगळा गाव पायी चालतो. आणि पायी चालणाऱ्याला कागदावर रकाना नाही. म्हणजे रस्ता जितका वाईट, तितकी माणसं पायी, आणि तितकी वर्दळ कमी. हे माझ्या डोक्यात शिरायला दोन मोजण्या गेल्या. तिला अर्धा दिवस पुरला.

तिला मी बरोबर घ्यायचो, कारण मला बघणं आणि लिहिणं एकदम जमत नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, रेघ मारायची म्हटली तरी जीभ बाहेर येते. ती बघून सांगायची, मी लिहायचो. चार उभ्या, पाचवी आडवी. तिला अक्षर येत नव्हतं, पण लग्नाआधी ती मिठागरावर पाट्या वाहायची. किती पाट्या गेल्या ते मुकादमाच्या आधी ती सांगायची, आणि मुकादम चुकला की चारचौघांत सांगायची.

त्या शेवटच्या मोजणीत पहिल्या सकाळी ओव्हरसियर कागद द्यायला आला. पोरगेलासा, पुण्याकडचा, मोटरसायकलवरनं. तिने त्याला तिथेच धरला.

"साहेब, माणसं खंय लिवायची?"

"माणसं नाही लिहायची मावशी. फक्त वाहनं."

"डोक्यावर मिठाची पाटी हाय, तरी नाय?"

"तरी नाही."

"आणि रिकामी बैलगाडी?"

"ती लिहायची. बैलगाडीला तर ऑफिसात जास्त धरतात. एक बैलगाडी म्हणजे बऱ्याच मोटारींच्या बरोबर. हळू चालते, रस्ता अडवते म्हणून."

ती माझ्याकडे वळली. "ऐकलाव? अडवणाऱ्याला मान. उद्यापास्नं मी पण मधनं चालते."

पोरगा हसला. मी पण हसलो. मग तिने माझा कागद हातात घेतला, उलटा धरून बघितला आणि म्हणाली, "एवढा कागद कोरा हाय आणि माणसाला जागा नाय."

फाट्यावर किराणा-चहाचं दुकान होतं. दुकानदार आमच्याच वयाचा मुसलमान, मुलगे आखातात. सगळे त्याला चाचा म्हणायचे. दुपारी तो पाणी घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "माझा टेंपो हाय ना. दिवसात धा वेळा वरखाली फिरवतो. तुम्ही रेघा मारा. डांबर आलं तर माझंपण भलं, तुमचंपण."

मला ते पटलं होतं, खरं सांगतो. मी पेन्सिल कानावरनं काढली पण होती.

ती म्हणाली, "नको चाचा. आपल्याकडं खऱ्याचीच काय कमी हाय? सकाळपास्नं दोनशेच्या वर माणूस गेला. खोटा टेंपो कशाला फिरवायचा? त्यांनी खरी माणसं लिवावी."

"भाभी, ते लिहिणार नाय."

"नाय लिवणार तर मी रोज विचारणार."

आणि तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. ओव्हरसियर तिला बघून मोटरसायकल लांबच उभी करायला लागला. चौथ्या दिवशी तो यायच्या आधीच ती बैलगाडी गेली आणि ती टेकली.

दहा वाजायचे होते. मी तिला हलवली, तोंडावर पाणी मारलं. रस्त्याने दोन बाया चालल्या होत्या, त्यातली एक फाट्याकडे धावली. चाचा टेंपो घेऊन आला. टेंपोत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि खड्डा आला की ते उडायचं. त्या रस्त्यातला खड्डा न् खड्डा मला पाठ. पुढचा कधी येणार ते मला आधी कळत होतं, आणि मी आधीच डोकं घट्ट धरत होतो. पेणला डॉक्टरने हात बघितला, डोळा उघडून बघितला आणि सांगितलं की रस्त्यातच गेली.

लोक अजून म्हणतात, रस्ता चांगला असता तर वाचली असती. मी तसं म्हणत नाही. मी डॉक्टरला विचारलं होतं. तो म्हणाला, दारात दवाखाना असता तरी वाचली नसती. तेव्हा तिच्या मरणाचं पाप मी कुणाच्या माथी मारणार नाही. माझं भांडण वेगळं आहे.

मुलगी रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिलेली. जावई धाटावच्या कारखान्यात शिफ्टवर, कंपनीच्या गेटवर फोन करून निरोप दिला. ती आणि तिच्या सासरची माणसं रोह्याहून गाडीने आली, फाट्यावर उतरली आणि रडत रडत चालत गावात आली. नागोठण्याकडचे पाव्हणे चालत आले. पेणकडचे चालत आले. वारल्याची बातमी किती लवकर पसरते ते मी त्या दिवशी बघितलं. ओटीवर बसून मला लांबवर रस्ता दिसत होता आणि रस्ताभर माणसं दिसत होती.

आमचं स्मशान हमरस्त्याकडच्या अंगाला, ओढ्याकाठी. म्हणजे तिला त्याच रस्त्याने न्यायची. पाच वाजता उचलली. मडकं माझ्या हातात, मी पुढे. मोरीवर आलो तेव्हा कठड्यावर सकाळचा कागद दगडाखाली तसाच होता. मी दगड बाजूला करून कागद घेतला आणि सदऱ्यात घातला. मागनं कोणीतरी म्हणालं, "अरे, त्याला धरा, त्याचं डोकं ठिकाणावर नाय." डोकं ठिकाणावरच होतं. ओढ्यावर तिला खाली ठेवल्यावर मी सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिलो आणि मोजलं. सत्त्याऐंशी माणसं. तिला पोचवायला आलेली माणसं मोजली याची मला लाज वाटली नाही. लाकडं रचेपर्यंत दुसरं करण्यासारखं पण काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपी घातली आणि निघालो. मुलगी दारात आडवी आली.

"बाबा, खंय चाललास?"

"मोजणीवर."

"सुतक हाय! लोक काय म्हणतील?"

"रस्त्याला सुतक नसतं गो."

"आये असती तर..."

"आये असती तर माझ्या पुढं चालली असती. बाजूला हो."

ती बाजूला झाली. शेजारपाजारचे बघत होते. एक म्हातारी म्हणाली, "बायको मेली आणि याला सरकारची चाकरी सुटंना." मी म्हटलं, "व्हय काकी, सुटत नाय," आणि चालायला लागलो.

नऊच्या सुमाराला ओव्हरसियर आला. त्याने हेल्मेट काढलं. "बाबा, ऐकलं मी. फार वाईट झालं. आज कशाला आलात? मी बघितलं असतं."

पोरगा वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांत खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. मग त्याने पिशवीतनं कागद काढला. "कालचा मी भरलाय. तुम्ही नव्हतात, म्हणून परवाचेच आकडे उतरवले. फक्त इथं सही द्या."

मी कागद बघितला. दुचाकी, सायकल, बैलगाडी, टेंपो. सगळं परवाचं. एक रेघ इकडची तिकडे नाही.

"साहेब, काल पाचला या रस्त्यावर एका वेळी झाली तेवढी वर्दळ मी नोकरीत बघितली नाय. आणि तुमच्या कागदावर परवाचाच दिवस हाय."

"बाबा, लोक पायी आले. पायी आलेले धरत नाहीत. किती वेळा सांगायचं?"

"मला नका सांगू. कागदावर लिवा की धरत नाय म्हणून."

"असं लिहिता येत नाही."

"मग मला सही करता येत नाय."

तो जरा चढ्या आवाजात म्हणाला, "सही नसली तर मोजणी अपुरी धरतात. वर जाब द्यावा लागेल. मला नाही, तुम्हाला."

"देतो. बोलवा पेणच्या ऑफिसात. पण सांगून ठेवा, चालत येणार हाय, उशीर होईल."

मी सदऱ्यातनं माझा कागद काढला. घामाने मऊ झाला होता. दहापर्यंतच्या रेघा त्यावर होत्या, तिने सांगितलेल्या. शेवटच्या रकान्याच्या पलीकडे बोटभर कोरी जागा होती. तिथे मी वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. वाकडी आली. वर लिहिलं, पायी. खाली पाचच्या ओळीत लिहिलं, ८७. आणि कागदाच्या तळाला, जिथे शेरा लिहितात, तिथे लिहिलं: दहा वाजता बायको वारली म्हणून मधे मोजायला कोण नव्हतं. पाच वाजता मी मोजले ते बरोबर आहेत. खाली सही केली. एवढं लिहायला मला बराच वेळ लागला, तोवर ओव्हरसियर मोटरसायकलला टेकून उभाच होता.

त्याने वाचलं. "बाबा, हे वर खोडतील."

"खोडू दे. जो खोडंल त्याला म्हणावं, बाजूला नाव लिव. मी लिवलंय तसं."

त्याने दोन्ही कागद हातात धरले. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग स्वतःचा भरलेला कागद चार घड्या करून खिशात घातला, माझा पिशवीत ठेवला, आणि मोटरसायकलला किक मारली. पुढे त्याने त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

मी त्या दिवसाचा नवा कागद घेतला आणि आधी कडेची रेघ ओढून घेतली. एवढ्यात मिठागराकडनं बायांची रांग आली, डोक्यावर पाट्या. मी बघत बसलो तर लिहिणं राहिलं, लिहायला खाली बघितलं तर चार-दोन पुढे निघून गेल्या. मी उठून हाक मारली.

"गो, थांबा जरा! किती जणी हाव?"

पुढची थांबली, मान न वळवता. डोक्यावर ओझं होतं. "अकरा हाव, काका."

मी खाली बसलो आणि अकरा रेघा मारल्या.