सोळावा चौकोन

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते. खरं सांगते, आधी जुडी पिशवीत टाकली, मग ओतूरची एसटी धरली. पोचले तेव्हा ताईच्या दारात माणसं मावत नव्हती आणि जो तो ‘देवमाणूस गेला’ म्हणत होता. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी त्या दिवशी गप्प बसले, दहाव्यालाही गप्प बसले. आता महिना उलटून गेलाय. माझ्या थोरल्या बहिणीचा हा नवरा गुणी होता, कष्टाळू होता, आणि एका बाबतीत पक्का खोटारडा होता. बाकीचं सगळे सांगतातच, तेव्हा हे एवढं मी सांगते.

ओतूरला स्टँडच्या मागे त्यांचं दुकान. विहिरीवरच्या मोटारींसाठी ते पॅनल बनवायचे. टाकीत पाणी किती, लाइट आहे का, हे छोट्या डिस्प्लेवर दाखवणारा डबा. मी आयटीआय करून सहा वर्षं त्यांच्या हाताखाली सोल्डरिंग केलं, आणि डिस्प्लेमधलं जे काही मला येतं ते त्यांनीच शिकवलं, हे नाकारत नाही. सोळा बाय दोन म्हणजे एका ओळीत सोळा घरं, अशा दोन ओळी. निळा डिस्प्ले दुकानात झकास दिसतो पण उन्हात काही वाचता येत नाही, म्हणून शेतावर पिवळा-हिरवाच द्यायचा. डिंभ्याचं एक गिऱ्हाईक एकदा तणतणत आलं, “राव, तुमचा डबा मेला, काहीच दिसंना!” दाजींनी मागचा बारका स्क्रू पाव फेरा फिरवला आणि अक्षरं वर आली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कोरा दिसला तर आधी कॉन्ट्रास्ट बघायचा. पण वरची ओळ नुसती काळ्या चौकोनांची आणि खालची कोरी दिसली, तर समजायचं आतला मेंदू झोपलाय, डिस्प्लेला कोणी काही सांगतच न्हाई.” हे वाक्य त्यांचं स्वतःचं. ते विसरले असतील, असं मला कोणी सांगू नये.

अवसरीला आमची आई एकटी राहते. चौथी शिकलेली, पण पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार आणि शेजारणींना वाचून दाखवणार. तिच्या पडवीत दाजींनी पॅनल बसवायचं ठरवलं तेव्हा मी हट्ट धरला, खालची ओळ मराठीत हवी. डिस्प्लेला मराठी येत नाही. आपण ठिपके मांडून अक्षर शिकवायचं, आणि अशी शिकवलेली अक्षरं ठेवायला आत फक्त आठ घरं असतात. मी चौकटीच्या कागदावर बसून हिशेब केला. काना, वेलांटी वेगळी आणि पुन्हा आलेलं अक्षर एकदाच धरून ‘टाकी भरली’ला सात लागतात. ‘रिकामी’ घातलं की नऊ होतात. मग सुचलं, ‘टाकी खाली’! नेमकी आठ! आपल्याकडे गाडी खाली झाली म्हणतातच की. मी कागद नाचवत गेले तर दाजी पोट धरून हसले. “अगं, टाकी खाली कशी? टाकी वर हाये, मोटर खाली हाये!” दुकानातली गिऱ्हाइकंही हसली आणि कागद गेला कचऱ्यात. ती आठ घरं पुसून पुन्हा भरता येतात, म्हणजे ‘रिकामी’ही बसलं असतं, हे मला फार नंतर समजलं. त्यांना ते तेव्हाही माहीत असणारच… पण त्यांना इंग्रजी ‘टँक फुल’ शोभिवंत वाटायचं. खालची ओळ त्यांनी इंग्रजीच ठेवली आणि आईसाठी वरच्या ओळीत पट्टी दिली. जितकं पाणी तितके काळे चौकोन. सोळा झाले की टाकी भरली. “सासूबाई, चौकोन मोजा म्हंजी झालं,” म्हणाले. पुढे ती पट्टी सगळ्याच डब्यांत आली.

त्या वर्षी मी दुकान सोडून मंचरला राहायला गेले होते, आणि आईने वरच्या वावरात कांद्याचं रोप टाकलं होतं. ठिबकचा व्हॉल्व्ह टायमरवर आपोआप उघडायचा, टाकी मात्र आईने पडवीतलं बटण दाबून भरायची. गुडघा धरल्यामुळे तिला वर टाकीपाशी चढवत नव्हतं. तीन दिवस ती सकाळ-संध्याकाळ पॅनल बघत होती, आणि तीन दिवस वरची ओळ सगळी काळी होती. भरलीय म्हणून तिने मोटर लावली नाही. चौथ्या दिवशी काठी टेकत वर गेली तर टाकी कोरडी आणि रोप उन्हाने करपलेलं. दाजी आले तोवर लाइट जाऊन आली होती आणि डबा नव्याने सुरू होऊन शहाण्यासारखा रिकामी टाकी दाखवत होता. आई म्हणाली, “जावईबापू, वरली वळ पुरी काळी व्हती, खाली काय बी नव्हतं. देवाशपथ.” मी दाजींकडे बघितलं. त्यांनी माझी नजर टाळली आणि जमलेल्या भावकीकडे बघून हसत म्हणाले, “सासूबाईंना वाचता येत न्हाई, त्याला माझा डबा काय करंल?”

सगळे हसले. आणि मी? मला शिकवलेलं होतं, तरी मी आईलाच म्हटलं, “नीट बघायचं ना गं.” दाजींचा डबा चुकेल हे माझ्या डोक्यात बसेना. याची लाज मला आजही वाटते. पुढे गावात कोणीही येता-जाता आईला विचारायचं, “काय मावशे, चौकोन मोजले का?” तिने वावर वाट्याने दिलं. पेपर बंद केला. शेजारणी बोलवायला आल्या तर म्हणायची, “मला कुठं वाचाया येतं!”

दहाव्यानंतर ताईने मला दुकान उघडायला सांगितलं, अर्धवट राहिलेले पॅनल गिऱ्हाइकांना पोचवायचे होते म्हणून. पहिल्याला सप्लाय दिला, वायर जोडून टाकी भरल्याची खूण दिली, पट्टी सरकत गेली आणि पंधराव्या घराशी थांबली. सोळाव्या घरात एक चांदणी लुकलुकत राहिली. मला वाटलं चुकलंय. दुसरा लावला, तिसरा लावला. सगळ्यांत पंधराच चौकोन आणि चांदणी. मेंदू झोपला की सोळाही घरं काळी होणार, चांदणी दिसणार नाही, म्हणजे भरलेली टाकी आणि बिघडलेला डबा यांत कधीच घोटाळा नाही. दुरुस्तीला आलेला एक जुना पॅनल लावला, त्यातही चांदणीच. तो उलटा केला. दाजी प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने महिना आणि साल घालायचे. आईचं रोप जळालं, त्याच्या पुढचाच महिना होता.

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. ओतूरपासून डिंभ्यापर्यंत अनोळखी माणसांसाठी त्यांनी चूक सुधारली. सासूच्या पडवीतला डबा तेवढा तसाच ठेवला, कारण तो बदलायचा तर काहीतरी बोलावं लागलं असतं. दर दिवाळीला तिच्या हातचा फराळ खाल्ला, पाया पडले, आणि एक शब्द बोलले नाहीत. ताई हे वाचेल. वाचू दे.

तो जुना पॅनल पिशवीत घालून मी अवसरीला गेले. आईपुढे लावला, पट्टी भरू दिली, चांदणी दाखवली, मागचा महिना दाखवला आणि सगळं समजावून सांगितलं. तिने चष्मा लावला. बोट ठेवून एकेक चौकोन मोजला. पंधराला थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. जावयाबद्दल काहीतरी बोलेल, रडेल, शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होते…

ती एवढंच म्हणाली, “म्हंजी मला वाचाया येत व्हतं.”